मोबाइलवर तिसरी, तक्त्यात अकरावी: एसईओ स्पर्धेतले आकडे जुळत नाहीत तेव्हा

एसईओ स्पर्धेचा, म्हणजे ठरलेल्या शब्दांवर गूगलच्या शोधात कोणाची साइट वर येते या चढाओढीचा, गुणतक्ता सांभाळायचं काम गेल्या अनेक फेऱ्या माझ्याच गळ्यात आहे. टीम बदलतात, विषय बदलतात, कीवर्ड (ज्या शब्दांवर शोधायचं ते) बदलतात. पहिला तक्ता लावल्यावर तासाभरात येणारा मेसेज मात्र तोच असतो. "आम्ही आत्ताच सर्च करून बघितलं, आमची साइट तिसरी येतेय. तुम्ही अकरावी कशी लावलीत?" सोबत पुरावा म्हणून स्क्रीनशॉट.

सुरुवातीला मी असा मेसेज आला की त्या टीमच्या साइटमध्ये दोष शोधत बसायचे. रात्री वाया गेल्या. बहुतेक वेळा साइट धडधाकट असते, बिघडलेली असते ती मोजपट्टी. म्हणून आता मी एका ठरलेल्या क्रमाने जाते. ज्याला पाच मिनिटं लागतात ते आधी, ज्याला दुसऱ्याच्या सर्व्हरला हात लावावा लागतो ते सगळ्यात शेवटी.

लक्षणं

- टीमला दिसणारा रँक आणि तक्त्यातला रँक यांत पाच-दहा स्थानांचा फरक, आणि तो फरकही रोज वेगळा.
- एखादी टीम काहीही न करता रातोरात शेवटच्या स्थानावरून थेट पहिली.
- सर्च कन्सोलमधले क्लिक आणि अ‍ॅनालिटिक्समधली सेशन्स यांचा मेळ नाही (कन्सोल हे साइट गूगलच्या शोधात कशी दिसते ते दाखवणारं गूगलचं साधन, अ‍ॅनालिटिक्स हे साइटवरच्या भेटी, म्हणजे सेशन्स, मोजणारं). टीमला अर्थातच यातला मोठा आकडा खरा वाटतो.
- सगळ्याच टीमचा आलेख शेवटच्या दोन-तीन दिवसांत कड्यावरून पडल्यासारखा खाली.
- क्लिक वाढताहेत, इम्प्रेशन (साइट किती वेळा निकालात दिसली तो आकडा) वाढताहेत, तरी सरासरी स्थान घसरतंय.
- एका टीमच्या ओळीत सलग शून्य.

उपायाला लागण्याआधी एवढंच बघा: त्रास एकाच टीमला आहे की सगळ्यांना? सगळ्यांना एकाच दिवशी झाला असेल तर कोणाच्याही साइटला हात लावू नका, दोष तक्त्यात किंवा आकडे आणणाऱ्या साधनात आहे. एकाच टीमला असेल तरी पहिल्या सात तपासण्या करूनच साइटकडे वळा.

पहिली तपासणी: कोणी, कुठून, कशावर बघितलं?

याला खर्च शून्य. टीमला फक्त तीन प्रश्न विचारा: मोबाइल की लॅपटॉप, लॉगिन केलेलं होतं का, आणि शोधणारा माणूस कुठे बसला होता.

गूगलचे निकाल शोधणाऱ्याच्या ठिकाणानुसार, भाषेनुसार आणि उपकरणानुसार बदलतात. आपली साइट आपणच दिवसातून वीस वेळा उघडत असू तर त्याचाही थोडाफार परिणाम होऊ शकतो. "पण आम्ही इन्कॉग्निटोमध्ये बघितलं" हे उत्तर हमखास येतं. इन्कॉग्निटोमुळे ब्राउझरमधला जुना इतिहास आणि लॉगिन बाजूला राहतं, एवढंच. तुमचा आयपी पत्ता (इंटरनेटवरची तुमच्या जोडणीची ओळख) तोच असतो, त्यामुळे ठिकाण काही लपत नाही.

एकदा मी दोन टीमच्या प्रतिनिधींना एकाच टेबलाशी बसवलं. दोघांसमोर लॅपटॉप, दोन्हींवर इन्कॉग्निटो खिडकी, एकच कीवर्ड, एकाच वेळी एंटर. एकाला साइट सहावी दिसली, दुसऱ्याला नववी. दोघंही माझ्याकडे बघायला लागले. मग निकालाचं पान तळापर्यंत सरकवलं. तिथे गूगल आपण कुठे आहोत असं त्याला वाटतं ते ठिकाण लिहितो. एकाचा लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटवर होता आणि त्याच्या पानावर भलत्याच शहराचं नाव होतं. त्यानंतर त्या फेरीत स्क्रीनशॉटवरून वाद झाला नाही.

उपाय साधा आहे. स्पर्धेसाठी एकच देश, एकच भाषा, एकच उपकरण ठरवा आणि ते नियमात लिहा. हाताने मोजत असाल तर एकाच माणसाने एकाच यंत्रावरून मोजावं. आणि टीमचा स्क्रीनशॉट पुरावा म्हणून घेऊच नका. तो खोटा असतो असं नाही. तो त्या माणसाच्या त्या क्षणाचा खरा निकाल असतो, आपल्या मोजणीशी त्याचा संबंध नसतो.

दुसरी: कधी मोजलं?

2004 साली 'निग्रिट्यूड अल्ट्रामरीन' या निरर्थक शब्दजोडीवर एसईओची एक गाजलेली स्पर्धा झाली होती. आधी कुणी वापरलेलीच नाही अशी जोडी मुद्दाम निवडली, म्हणजे सगळ्यांची सुरुवात शून्यापासून. निकालाच्या तारखा आधीच ठरलेल्या: 7 जून आणि 7 जुलै. त्या दिवशी गूगलवर जो पहिला, तो जिंकला. दुसरी फेरी अनिल डॅश या ब्लॉगरने मारली. नियम इतका सुटसुटीत असला की तक्रारीला जागाच उरत नाही. आपल्या स्पर्धांमध्ये मात्र "शेवटच्या आठवड्यातली कामगिरी" असलं काहीतरी मोघम लिहिलेलं असतं आणि तिथेच ठिणगी पडते.

सर्च कन्सोलचे आकडे ताबडतोब पक्के होत नाहीत. ताजे आकडे लवकर दिसतात, पण ते कच्चे असतात. पक्के व्हायला साधारण दोन-तीन दिवस जातात. सगळ्या टीमचा आलेख शेवटी पडलेला दिसतो तो यामुळे. त्यात रोजच्या अहवालातला 'दिवस' हा अमेरिकेतल्या पॅसिफिक वेळेनुसार मोजला जातो. म्हणजे तुमच्या घड्याळात सोमवार सकाळ असते तेव्हा कन्सोलमध्ये रविवार सरलेला नसतो. अ‍ॅनालिटिक्समध्ये प्रत्येक प्रॉपर्टीची (म्हणजे साधनाला जोडलेल्या साइटची) वेळ वेगळी लावता येते, त्यामुळे दोन टीमचा 'रविवार' एकच असेल याची खात्री नाही. सगळ्यांच्या सेटिंगमधला टाइमझोन डोळ्यांनी बघून घ्या. अ‍ॅनालिटिक्सच्या आकड्यांनाही स्थिरावायला 24 ते 48 तास लागू शकतात.

मी आता काय करते: मोजणीचा शेवटचा दिवस ठरवते आणि त्यानंतर पूर्ण तीन दिवस थांबून आकडे उतरवते. उतरवलेल्या फाइलला तारीख लावून ती वेगळी ठेवते आणि गुण त्या फाइलवरूनच देते, चालू अहवालावरून नाही. नंतर कुणी "आज तर वेगळा आकडा दिसतोय" म्हणालं तर म्हणू दे.

तिसरी: गुणतक्त्याची शीट. इथे थांबा आणि नीट बघा.

मला सगळ्यात जास्त चुका इथे सापडल्या आहेत आणि त्यातल्या निम्म्याशिम्म्या माझ्या स्वतःच्याच होत्या.

*रिकामा चौकोन आणि शून्य.* समजा टीमची साइट एखाद्या कीवर्डवर दिसलीच नाही. कुणी तिथे काहीच लिहीत नाही, कुणी 0 लिहितं. दोन्ही चूक. शीटचं सरासरीचं फंक्शन रिकामे चौकोन सोडून देतं. म्हणजे दहापैकी दोनच कीवर्डवर दिसणारी टीम, तिथे तिसरी आणि पाचवी असेल, तर तिची सरासरी येते 4. आणि दहाही कीवर्डवर पहिल्या पानावर असलेल्या कष्टाळू टीमची सरासरी येते 8 किंवा 9. तक्त्यात आठ कीवर्डवर गायब असलेली टीम पुढे! शून्य लिहिलं तर अजून वाईट, कारण रँकमध्ये लहान आकडा चांगला आणि शून्य तर पहिल्या क्रमांकापेक्षाही लहान. रातोरात शेवटच्या स्थानावरून पहिली आलेली टीम आठवतेय? तिची साइट त्या दिवशी चक्क बंद पडली होती. सगळ्या कीवर्डवर शून्य, म्हणून सगळ्यांत वर.

उपाय: न सापडल्यास काय लिहायचं ते आधीच ठरवा. पहिल्या 30 पर्यंत शोधत असाल तर न सापडलेल्याला 31. हा आकडा सगळ्यांना सारखा लावा आणि मधेच बदलू नका.

*क्रमवारीची दिशा.* गूगल शीट्समधलं रँक फंक्शन काही सांगितलं नाही तर मोठ्या आकड्याला पहिला नंबर देतं. गुणांसाठी ते बरोबर, शोधस्थानासाठी उलटं. तिसऱ्या जागी चढता क्रम सांगायला विसरलात तर सगळा तक्ता डोक्यावर उभा राहतो. हे लगेच कळतं, कारण सगळेच ओरडतात. अवघड प्रकार असतो तो पाचातल्या एकाच स्तंभात ही चूक झाल्याचा.

*व्हीलुकअप.* यादीतलं नाव शोधून त्यासमोरचा आकडा आणणारं हे फंक्शन. याला शेवटी 'फॉल्स' सांगितलं नाही तर ते यादी आधीच क्रमाने लावलेली आहे असं धरून चालतं आणि जवळपासचं काहीतरी उचलून देतं. चूक असल्याचा कुठलाही संदेश येत नाही, दुसऱ्याच टीमचा आकडा शांतपणे येऊन बसतो.

*सारखे दिसणारे पण सारखे नसलेले शब्द.* मराठी कीवर्ड असतील तर हे वाचाच. एका टीमच्या 'नव्या नोकऱ्या' या कीवर्डसमोर तीन आठवडे आकडाच येत नव्हता. कन्सोलच्या फाइलमध्ये तो कीवर्ड होता, माझ्या यादीत होता, डोळ्यांना दोन्ही एकसारखे दिसत होते. शेवटी वैतागून दोन्ही शब्दांवर लांबी मोजणारं लेन फंक्शन लावलं. एका 'नोकऱ्या'ची लांबी 7, दुसऱ्या 'नोकर्‍या'ची 8. झालं असं की अर्धा र लिहिण्याच्या दोन पद्धती आहेत. काही कीबोर्ड ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याला हलंत लावतात, काही साधा र घेऊन, हलंत लावून, पुढे न दिसणारं जोडचिन्ह टाकतात. दिसायला एकच, शीटच्या दृष्टीने दोन वेगळे शब्द. कीवर्डच्या मागे राहिलेली मोकळी जागाही हाच घोळ करते, पण ती ट्रिम फंक्शनने निघते. जोडचिन्ह मात्र हाताने बदलावं लागतं. तेव्हापासून मी कीवर्डची मूळ यादी एकाच कीबोर्डवरून टाइप करते आणि कन्सोलमध्ये दोन्ही रूपं शोधून इम्प्रेशन एकत्र करते.

तारखांचंही बघा. शीटची प्रादेशिक सेटिंग अमेरिकेची असेल तर 5/6 म्हणजे 6 मे होतो. महिन्याच्या 13 तारखेपासून पुढच्या तारखा मजकूर बनून डावीकडे सरकतात, तिथे चूक नजरेला येते. आधीच्या बारा दिवसांत ती बेमालूम लपते.

चौथी: आपण योग्य पत्ता मोजतोय का?

यालाही दहा मिनिटंच लागतात, पण याने सुटलेल्या तक्रारी कमी नाहीत. सर्च कन्सोलमध्ये प्रॉपर्टी दोन प्रकारची असते. डोमेन प्रॉपर्टीत त्या डोमेनचे (साइटच्या मूळ नावाचे) सगळे सबडोमेन (त्याआधी वेगळा शब्द लावून केलेले उपपत्ते) आणि पत्त्याच्या सुरुवातीची एचटीटीपी, एचटीटीपीएस ही दोन्ही रूपं येतात. यूआरएल प्रीफिक्स प्रॉपर्टीत लिहिला तेवढाच पत्ता आणि त्याखालची पानं. एका टीमने डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूशिवायच्या पत्त्याची प्रीफिक्स प्रॉपर्टी जोडली आणि साइट प्रत्यक्षात डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूवर चालत असली, तर तिच्या अहवालात जवळजवळ काहीच येणार नाही. 'सलग शून्य'चं हे एक नेहमीचं कारण.

उलटी गडबडही होते. आयोजकांनी सगळ्या टीमना एकाच डोमेनखाली सबडोमेन दिले असतील आणि तुम्ही डोमेन प्रॉपर्टीचे आकडे घेतले, तर सगळ्यांची बेरीज एकाच्या नावावर जाईल. प्रत्येक सबडोमेनची वेगळी प्रीफिक्स प्रॉपर्टी करा.

आकडे गूगलने निवडलेल्या कॅनॉनिकल पत्त्यावर (एकाच मजकुराच्या अनेक पत्त्यांपैकी मुख्य धरलेल्या पत्त्यावर) जमा होतात हेही टीमला सांगा. तोच लेख दोन पत्त्यांवर असेल तर ज्या पत्त्याकडे टीम बघत बसलीये तिथे शून्य आणि दुसरीकडे सगळं, असं होऊ शकतं. कन्सोलमधल्या यूआरएल तपासणीत पत्ता टाकला की गूगलने कोणता कॅनॉनिकल धरलाय ते दिसतं.

पाचवी: क्लिक आणि सेशन्स जुळत का नाहीत?

जुळणार नाहीत, प्रयत्न सोडा. कन्सोल गूगलच्या निकालपानावर झालेला क्लिक मोजतं. अ‍ॅनालिटिक्स तुमच्या पानावरचा कोड चालला तरच भेट मोजतं. कुणी कुकीला नकार दिला, जाहिरातरोधक लावला, पान उघडायच्या आत मागे गेला, तर क्लिक आहे पण सेशन नाही. उलट, अर्धा तास काही हालचाल झाली नाही की साधारणपणे सेशन संपतं आणि पुढे नवं सुरू होतं, म्हणजे क्लिक एक आणि सेशन्स दोन.

गुणांसाठी दोन्हींतलं एकच घ्या. मी शोधातल्या कामगिरीला कन्सोलचे क्लिक घेते, कारण तिथे टीमला स्वतःहून आकडा फुगवणं तुलनेने अवघड. अ‍ॅनालिटिक्स घ्यायचंच असेल तर टीमचा स्वतःचा वावर वगळणारा फिल्टर लावलेला आहे का बघा, आणि नुसता लावलेला नको, चालू केलेला हवा. नव्या अ‍ॅनालिटिक्समध्ये तो सुरुवातीला 'चाचणी' अवस्थेत असतो आणि त्या अवस्थेत काहीच वगळत नाही. एका फेरीत पहिल्या आलेल्या टीमचे 'वाचक' बहुतांशी तिचेच सात सदस्य निघाले. लबाडी नव्हती. फिल्टर लावलाय या समजुतीत सगळे दिवसभर साइट उघडून बघत होते.

सहावी: 'सरासरी स्थान' म्हणजे नेमकं काय?

हे टीमला समजावायला मला सगळ्यात जास्त वेळ लागतो, म्हणून इथे आकडे मांडून दाखवते.

एका टीमचा पहिला आठवडा: एकच कीवर्ड, स्थान 2, इम्प्रेशन 10. सरासरी स्थान 2.0. दुसऱ्या आठवड्यात तिने नवा लेख लिहिला, तो दुसऱ्या एका कीवर्डवर तिसाव्या स्थानी दिसायला लागला आणि त्याला 90 इम्प्रेशन आले. आता सरासरी काय? बरेच जण 2 आणि 30 ची बेरीज करून निम्मी करतात आणि 16 म्हणतात. कन्सोल इम्प्रेशनचा भार धरून मोजतं. 2 गुणिले 10 झाले 20, 30 गुणिले 90 झाले 2,700, बेरीज 2,720, भागिले एकूण 100 इम्प्रेशन: 27.2. टीमने जास्त काम केलं, जास्त लोकांना दिसली, आणि सरासरी 2 वरून 27.2 वर. तुमचे गुण या सरासरीवर असतील तर तुम्ही टीमला नवं काही न लिहिण्याचं बक्षीस देताय.

म्हणून अख्ख्या साइटच्या सरासरी स्थानावर गुण देऊ नका. ठरलेले कीवर्ड घ्या, प्रत्येकाचं स्थान वेगळं उतरवा, स्थानाला गुण द्या आणि मग गुणांची बेरीज करा. पहिल्या स्थानाला 30, दुसऱ्याला 29 अशी सरळ उतरण मला पटत नाही. चाळिसाव्यावरून तिसाव्यावर येणं आणि पाचव्यावरून पहिल्यावर येणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. वरच्या स्थानांमध्ये गुणांच्या पायऱ्या उंच ठेवा, खाली सपाट.

आणखी दोन खाचा. कन्सोल कीवर्डचं स्थान तेव्हाच नोंदवतं जेव्हा साइट कुणाच्या तरी निकालात प्रत्यक्ष आली. कुणी शोधलंच नाही तर ओळच येत नाही. आणि फार कमी लोकांनी शोधलेले शब्द गोपनीयतेसाठी यादीतून वगळले जातात, त्यामुळे ओळींची बेरीज वरच्या एकूण आकड्यापेक्षा कमी भरते. कन्सोलच्या पानावरून उतरवलेल्या फाइलमध्ये जास्तीत जास्त 1,000 ओळी येतात, हेही मोठ्या साइटच्या टीमला आडवं येतं.

सातवी: रँक मोजणारं साधन

विकतचं साधन वापरत असाल तर आता त्याच्या सेटिंगकडे वळा. देश, भाषा, उपकरण पहिल्या तपासणीत ठरवलं तेच आहे ना? किती खोलवर शोधतं? 2025 च्या सप्टेंबरमध्ये गूगलने एका पानावर 100 निकाल मागण्याची जुनी युक्ती बंद पाडली. तोवर अनेक साधनं एकाच मागणीत शंभर निकाल आणत होती. त्यानंतर काहींनी खोली कमी केली, काही खालचे निकाल रोज न बघता अधूनमधून बघायला लागली. त्याच सुमारास अनेकांच्या कन्सोलमध्येही इम्प्रेशन घटले आणि सरासरी स्थान आपोआप सुधारल्यासारखं दिसलं, बहुधा यंत्रांनी केलेल्या शोधांचे इम्प्रेशन गेले म्हणून. त्या तारखेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या आकड्यांची तुलना करून कुणाला 'सर्वाधिक प्रगती' देऊ नका.

साइट शोधात किती वर येऊ शकेल याचा अंदाज सांगणारा डोमेन ऑथॉरिटी हा आकडा मॉझ या कंपनीचा आहे, 1 ते 100 च्या पट्टीवरचा. गूगल तो वापरत नाही. थोड्या आठवड्यांच्या स्पर्धेत त्याला गुण का देतात मला कळलेलं नाही.

वेगाचे गुण असतील तर पेजस्पीड या गूगलच्या वेग मोजणाऱ्या साधनाचा आकडा एकदाच मोजून लिहू नका. तेच पान पाच मिनिटांनी वेगळा आकडा देतं. पाच वेळा मोजा, मधला घ्या. खऱ्या वापरकर्त्यांचे आकडे त्याच पानावर वेगळे दिसतात, पण ते मागच्या 28 दिवसांचे असतात आणि नव्या, कमी वर्दळीच्या साइटला बहुधा मिळतच नाहीत. एलसीपी (पानातला सगळ्यात मोठा भाग दिसायला लागणारा वेळ) 2.5 सेकंदांच्या आत, आयएनपी (क्लिकला पान प्रतिसाद द्यायला घेतं तो वेळ) 200 मिलिसेकंदांच्या आत, सीएलएस (उघडताना पानावरचा मजकूर किती हलतो ते) 0.1 च्या आत, या मर्यादा नियमात लिहून ठेवल्या की भांडण मिटतं.

आठवी: साइट इंडेक्समध्ये, म्हणजे गूगलच्या पानांच्या नोंदवहीत, आहे का?

इथपर्यंत सगळं ठीक निघालं आणि एकच टीम अजून शून्यावर असेल, तरच तिच्या साइटचं दार वाजवा. टीमकडून पासवर्ड मागू नका. कन्सोलमध्ये तुम्हाला मर्यादित वापरकर्ता म्हणून जोडायला सांगा, बघण्यापुरतं ते पुरतं.

यूआरएल तपासणीत मुखपृष्ठाचा पत्ता टाका. इथे एक गोंधळ टाळा: 'थेट चाचणी' हिरवी आली म्हणजे पान इंडेक्समध्ये आहे असं नाही, ते इंडेक्स होऊ शकतं एवढाच तिचा अर्थ. इंडेक्समध्ये आहे की नाही हे पहिल्या पडद्यावर दिसतं. शोधपट्टीत 'site:' आणि पुढे साइटचा पत्ता लिहून शोधल्यावर येणाऱ्या निकालांच्या संख्येवर विसंबू नका, तो अंदाज असतो.

नसेल तर पहिला संशय नोइंडेक्सवर, म्हणजे 'हे पान इंडेक्समध्ये घेऊ नका' या सूचनेवर. वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरच्या वाचन सेटिंगमध्ये शोधयंत्रांना परावृत्त करणारा एक छोटा चौकोन असतो. साइट तयार होत असताना कुणीतरी त्यात टिक करतं, लोकांसमोर आणताना काढायला विसरतं. नंतर टीम तीन-तीन आठवडे लेख लिहीत राहते. हे बघायला अर्धं मिनिट लागतं, पण ते टीमनेच बघावं, त्यांच्या अ‍ॅडमिनमध्ये तुम्ही शिरू नये.

दुसरा संशय रोबोट्स फाइलवर, म्हणजे शोधयंत्राने साइटवरचं काय वाचू नये ते सांगणाऱ्या फाइलवर. कधी कधी टीम नोइंडेक्स काढते पण रोबोट्स फाइलमध्ये सगळी साइट अडवलेली राहते, मग गूगलला पान वाचताच येत नाही. ही फाइल गूगल साधारण दिवसभर साठवून ठेवतो, म्हणून दुरुस्ती केल्याकेल्या फळ दिसत नाही. एक दिवस थांबा, मग टीमला इंडेक्सिंगची विनंती करायला सांगा. विनंती केली म्हणजे उद्या निकालात येईल असं नाही. नव्या साइटला काही दिवस लागतात, कधी काही आठवडे.

इथे हात काढा

यापुढे गुण मोजणाऱ्याचं काम संपतं. खालच्या चार प्रसंगांत मी थांबते आणि ज्यांचं ते काम आहे त्यांना बोलावते.

कन्सोलमध्ये गूगलच्या माणसांनी नियमभंगासाठी केलेल्या कारवाईची, म्हणजे मॅन्युअल अ‍ॅक्शनची सूचना असेल तर. हे स्पर्धेत घडतं, कारण शेवटच्या आठवड्यात कुणीतरी दुसऱ्या साइटवरून आपल्याकडे येणाऱ्या लिंक विकत घेतं. ती निस्तरायला लिंकचा माग काढावा लागतो, मग पुनर्विचाराचा अर्ज, आणि उत्तराला बरेच दिवस किंवा आठवडे. त्यासाठी अनुभवी एसईओ माणूसच हवा. नियमभंग झाला का हे तुम्ही एकट्याने ठरवू नका, परीक्षकांपुढे ठेवा.

सुरक्षेच्या अहवालात साइट हॅक झाल्याचं दिसत असेल, किंवा निकालात टीमच्या नावाखाली औषधं आणि जुगाराची पानं येत असतील तर. अशा साइटवर फाइली पुसत बसू नका, पुरावा जातो आणि मागचं दार उघडंच राहतं. होस्टिंगवाल्यांना आणि सुरक्षेच्या जाणकाराला लगेच कळवा, टीमला पासवर्ड बदलायला सांगा.

सर्व्हर सतत 500 च्या घरातल्या (सर्व्हर बिघडल्याच्या) चुका देत असेल किंवा डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा सर्व्हर शोधून देणारी नोंद) सापडतच नसेल तर. अशी अवस्था काही दिवस टिकली तर गूगल ती पानं इंडेक्समधून काढायला लागतो, म्हणून "आठवडाअखेर बघू" म्हणू नका. पण डीएनएसच्या नोंदी तुम्हीही बदलू नका. मी एकदा 'सोपं तर आहे' म्हणून एका टीमची नोंद बदलली आणि तिचा ईमेलही बंद पाडला.

आणि गुणांचं सूत्रच वादात सापडलं तर. फेरी चालू असताना ते कितीही चुकीचं वाटलं तरी बदलू नका, ज्याला ते बदलल्याने फायदा होईल त्याच्याशिवाय कुणालाही पटवता येत नाही. आकडेमोड जाणणाऱ्या, स्पर्धेशी संबंध नसलेल्या माणसाकडून मूळ फाइल तपासून घ्या.

जाणकाराकडे जाताना त्याला हे द्या: तारीख लावलेली उतरवलेली फाइल, कन्सोलमधल्या सूचनेचं चित्र, बिघाड पहिल्यांदा दिसला तो दिवस, आणि वरच्या आठ तपासण्यांपैकी कोणत्या झाल्या, प्रत्येकीत काय निघालं. निकालाची तारीख तोवर आली तर त्या टीमच्या ओळीत आकडा टाकू नका, 'राखीव' असं लिहा आणि बाकीच्यांचे गुण जाहीर करून टाका.